पुस्तक ऐकणाऱ्यालाही वाचनालयात जागा द्या

ऑडिओबुक ऐकलं म्हणजे पुस्तक वाचलं असं म्हणायचं का, यावर आपल्याकडे जेवढा वाद घातला जातो तेवढ्या वेळात दोन-चार कादंबऱ्या ऐकून झाल्या असत्या. वाचकांच्या कुठल्याही ग्रुपवर जा, कुणीतरी बिचारं उत्साहाने लिहितं की या महिन्यात अमुक पुस्तक ऐकलं, की लगेच खाली एक जण हजर, "ऐकलं म्हणजे वाचलं नव्हे हं!" मग दुसरा येतो, कागदाचा वास, पानाचा स्पर्श, ते सगळं सुरू होतं आणि ज्याने पुस्तक ऐकलं त्याला त्या पुस्तकाबद्दल जे काही म्हणायचं होतं ते बाजूलाच राहतं. कागदाचा वास मलाही आवडतो, पण त्या वासामुळे एखादं पुस्तक जास्त समजलं असं काही आजवर झालेलं नाही.

माझं दुखणं वेगळंच आहे. ऐकण्याचा आनंद गेल्या काही वर्षांत मराठीत परत आलाय, भरपूर लोकांना परत सापडलाय, आणि तो जवळजवळ सगळाच्या सगळा खासगी ॲपच्या वर्गणीत अडकून बसलाय. वाचनालयात, म्हणजे जिथे पुस्तकाने हक्काने असायला हवं तिथे, त्याचा पत्ता नाही. वाद घालायचाच असेल तर यावर घालूया ना.

तरी आधी त्या "नव्हे हं"चा निकाल लावते, कारण वाचनालयाच्या कमिटीतले लोकही मनातून तसंच समजतात आणि मग विषय तिथेच संपतो.

ऐकणं म्हणजे दुय्यम, हे निदान मराठी माणसाने तरी म्हणू नये. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात सांगितली गेली. सांगणारे ज्ञानदेव, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा, आणि समोर बसलेली ऐकणारी माणसं. नवव्या अध्यायाची सुरुवातच मुळी श्रोत्यांकडे अवधान मागून होते. लीळाचरित्राचं तर त्याहून भारी आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या लोकांना विचारून विचारून आठवणी गोळा केल्या, पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली, आणि ज्यांनी ती तोंडपाठ केली होती त्यांच्या आठवणीतनं पुन्हा लिहून काढावी लागली. म्हणजे मराठीतला अगदी सुरुवातीचा गद्य ग्रंथ आपल्यापर्यंत पोचलाय तो लोकांच्या कानामुळे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या जात्यावर बसून म्हणायच्या, मुलाने आणि त्याच्या मावसभावाने ते टिपून ठेवलं, १९५२ साली पुस्तक निघालं आणि आज शाळेत आपण ते "वाचतो".

आणि श्रावणात पोथी लावणं! एक जण वाचणार, दुसरा अर्थ सांगणार, बायका वाती वळत बसलेल्या, एखादी म्हातारी भिंतीला टेकून पेंगतेय आणि बरोबर महत्त्वाच्या ठिकाणी डोळे उघडून "अगं बाई" म्हणतेय. त्यातल्या कुणाला कधी कुणी विचारलं नाही की तुम्ही हरिविजय वाचलाय की नुसता ऐकलाय. त्यानंतर रेडिओ आला, आकाशवाणीवरच्या टेकाडे भावोजी आणि मीनावहिनींना लोक घरातलीच माणसं समजायचे. मग शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथनाला फिरायचे तेव्हा मैदानं भरायची, नंतर त्या सगळ्याच्या कॅसेट निघाल्या. मधली वीस-पंचवीस वर्षं टीव्हीने खाल्ली, असं माझं मत. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आलं, पुढच्या वर्षी ऑडिबल, नंतर आपल्याकडचीही ॲप उभी राहिली, आणि फोन तर सगळ्यांकडे होताच. बंद पडलेलं काहीतरी परत सुरू झालं इतकंच, कुणी नवीन शोध लावला नाही.

आमच्या घरातलं सांगते. सासूबाईंना मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही बारीक अक्षर नीट दिसेना, रेटिनाचं काहीतरी निघालं. पूर्वी दिवाळी अंक सगळ्यात आधी त्यांच्या हातात जायचा, नंतर नंतर अंक यायचा आणि तसाच टीपॉयवर पडून राहायचा, त्या नुसती चित्रं बघून ठेवून द्यायच्या आणि म्हणायच्या, "आता कुठे ते वाचत बसायचं." ते "आता कुठे" ऐकवायचं नाही. मग त्यांना एक कादंबरी लावून दिली. आता त्यांची पद्धत ठरलेली आहे: दुपारी मेथी किंवा शेंगा घेऊन बसायचं, मोबाईल स्टीलच्या पेल्यात उभा करायचा कारण पेल्यात आवाज मोठा होतो, आणि मी स्पीकर आणून दिला तरी तो नकोय, त्याला चार्जिंग लागतं म्हणे. मध्येच हाक येते, "अगं, मागे घे जरा, माझा डोळा लागला होता." कितपत मागे? "त्याची बहीण गाडीतनं उतरली तिथपासून." म्हणजे नक्की कुठे झोप लागली ते त्यांना ठाऊक असतं! संध्याकाळी मुलगा घरी आला की त्याला अख्खी गोष्ट सांगतात, खलनायकाला शिव्या घालतात, लेखकाने अमक्या बाईला उगाच मारली म्हणून भांडतात. हे वाचन नाही तर मग काय आहे, ते "नव्हे हं"वाल्यांनी येऊन सासूबाईंना समजावून सांगावं. मी दार उघडून देईन.

हात कामात आणि कान मोकळे, ही जी स्थिती आहे ती जगातल्या बहुतेक लोकांची बहुतेक वेळ असते. हे पहिल्यांदा कुणाच्या नीट लक्षात आलं असेल तर क्युबातल्या सिगार कामगारांच्या. १८६५ मध्ये हवानाच्या एका कारखान्यात सुरू झालं. शेकडो कामगार ओळीने बसून पानं वळतायत आणि मधोमध उंच जागेवर एक वाचक बसून मोठ्याने वाचतोय, सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. त्या वाचकाचा पगार मालक द्यायचा नाही, कामगार स्वतःच्या मजुरीतनं वर्गणी काढून द्यायचे आणि पुढचं पुस्तक कुठलं ते आपसात मत घेऊन ठरवायचे. ड्यूमाची काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो ही कादंबरी इतकी लाडकी झाली की माँटेक्रिस्टो नावाचा सिगारच आला. सरकारला याची भीती वाटली, वर्षभरातच बंदी आणून बघितली. पुढे हेच कामगार फ्लोरिडात टँपाला गेले, वाचकही तिकडे गेला, आणि १९३१ मध्ये तिथल्या मालकांनी वाचकाला हाकललं तेव्हा कामगारांनी काम बंद केलं. मालक म्हणाले, हा लोकांची डोकी फिरवतो. त्याच्या जागी काय बसवलं? रेडिओ.

मला यातली वर्गणीची गोष्ट फार आवडते. ज्यांच्यातल्या अनेकांना अक्षरओळखही धड नव्हती अशी माणसं खिशातले पैसे काढून कादंबरी ऐकत होती, कारण त्यांना ती हवी होती. आपल्याकडे असे हात किती आहेत मोजा. शिलाई मशीनवर बसलेल्या बायका, पोळ्या लाटणाऱ्या मावशी, द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्या, रात्री ट्रक चालवणारे, सोसायटीच्या गेटवर बारा-बारा तास बसणारे काका. यांना कुणी "वाचन संस्कृती"च्या परिसंवादाला बोलावत नाही. निवांत खुर्चीत बसून दोन तास पुस्तक वाचायला मिळणं ही चैन आहे, आणि ज्यांना ती परवडते त्यांनीच नियम केलेत की तेच खरं वाचन.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवंच. सगळी पुस्तकं ऐकायची नसतात. तळटिपांनी भरलेला इतिहास, सनावळ्या, वंशावळी, तत्त्वज्ञान, आकडेमोड असलेलं अर्थशास्त्र, हे कानाने धरता येत नाही, कारण डोळा वाचताना सारखा मागे जातो, अडलेलं वाक्य पुन्हा बघतो, आणि आपल्याला पत्ताही नसतो की आपण मागे गेलो. कानाला ती सोय नाही, मागे जायचं तर हात पुसून फोन उचलावा लागतो, आणि कोण उचलतं. संशोधनही दोन्ही बाजूंचं आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच गोष्टी लोकांना एकदा ऐकवल्या, एकदा वाचायला दिल्या आणि मेंदूचे स्कॅन काढले, तर अर्थ लावताना मेंदूत जे काही होतं ते दोन्ही वेळा जवळपास सारखंच निघालं. माणसं फक्त नऊ होती हेही सांगून टाकते. उलट २०१० च्या एका अभ्यासात कॉलेजच्या मुलांना अभ्यासाचा मजकूर काहींना वाचायला आणि काहींना पॉडकास्टमधून ऐकायला दिला, तर परीक्षेत ऐकणारी मुलं चांगलीच मागे पडली. मला या दोन्हीत काही भांडण दिसत नाही. गोष्ट ऐकावी, परीक्षेचा अभ्यास वाचून करावा. गोष्ट म्हणजे कथा, कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, विनोद. वाचनालयातनं लोक सगळ्यात जास्त काय नेतात? हेच की.

आणि दीडपट-दुप्पट स्पीडने ऐकणारे जे आहेत, ते मला खरंच कळत नाहीत. तीनशे पानांचं पुस्तक आठ-दहा तास चालतं म्हणून तुम्ही ते चार-पाच तासांत उरकता, मग विनोदाच्या आधीची ती अर्ध्या सेकंदाची शांतता कुठे गेली? विनोदच गेला. असो. ज्याचा कान त्याचा स्पीड.

सगळ्यात मोठा मुद्दा मुलांचा आहे आणि यावर मला जरा जास्तच बोलायचंय. आपल्या शहरांत, आता तालुक्याच्या गावातही, मुलांची एक अख्खी पिढी अशी आहे जिची मराठी झकास आहे पण देवनागरी वाचायला नको वाटते. ही मुलं घरी मराठी बोलतात, मराठीत भांडतात, क्रिकेट खेळताना मराठीत एकमेकांचा उद्धार करतात, आजीशी मराठीत गप्पा मारतात. शाळेत मराठी एक विषय, आठवड्याला काही तास. माझा भाचा सहावीत आहे. "मावशी, तू उगाच टेन्शन घेतेस" हे तो ज्या ठसक्यात म्हणतो त्यावरून त्याला मराठी येत नाही असं कोण म्हणेल? पण पुस्तक हातात दिलं की एकेक जोडाक्षर फोडत बसतो, "कर्तृत्व" आला की थांबतो, मागच्या ओळीत काय होतं ते तोवर विसरतो, आणि चौथ्या पानावर त्याचा निष्कर्ष तयार: मराठी पुस्तकं बोअर असतात. पुस्तक बोअर नव्हतं, त्याचा वाचायचा वेग गोष्टीच्या वेगाला पुरत नव्हता. मुलांची ऐकून समजायची ताकद वाचून समजायच्या ताकदीच्या किती तरी पुढे असते, हे कुठल्याही प्राथमिक शिक्षकाला विचारा. याच पोराला गाडीत एक विनोदी कथा लावली तर पोट धरून हसला, आणि घर आलं तरी उतरायला तयार नाही, संपू दे म्हणाला.

त्या मुलाने वाचावं असं मलाही वाटतंच. पण वाचायची ओढ आधी लागायला हवी, आणि ज्या भाषेतली एकही गोष्ट त्याला आवडलेली नाही त्या भाषेची जोडाक्षरं तो कशासाठी फोडत बसेल? न्यू जर्सी, लंडन, सिडनीमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांचं तर काही विचारूच नका, तिथे आईवडील रविवारच्या मराठी शाळेत नेऊन नेऊन दमतात. ऐकलेलं पुस्तक हा या मुलांसाठी शॉर्टकट वगैरे नाही, तो आज उघडा असलेला एकमेव दरवाजा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. दोन हजार वर्षांची भाषा म्हणून मान मिळाला ठीकच आहे, पण पुढच्या वीस वर्षांत तिच्यातल्या गोष्टी कुणाच्या कानावर पडणार आहेत याचं काय?

बरं, ऐकायचं म्हटलं की वाचणारा आला, आणि इथे आपली बाजू जरा लंगडी आहे. पुस्तक वाचून दाखवणं ही एक स्वतंत्र कला आहे, नाटकात काम करणं वेगळं. चांगला वाचक पात्रांची सोंगं काढत नाही, आवाजात एवढासा फरक करतो आणि तुम्हाला कोण बोलतंय ते कळतं. वाईट वाचक बाईचं वाक्य आलं की किनरा आवाज काढतो. त्यात पुन्हा मागे बासरी, दार वाजल्याचा आवाज, पाऊस. अरे, लेखकाने लिहिलाय की पाऊस, शब्दांत पाडलाय त्याने, तू कशाला पाडतोस? श्रुतिकेत हे सगळं शोभतं, कारण ती तशी लिहिलेलीच असते.

दुसरं म्हणजे बोली. आपल्या बहुतेक ऑडिओबुकांचा आवाज पुण्या-मुंबईच्या प्रमाण वळणाचा आहे. कोल्हापूरकडचा गडी बांधावर उभा राहून बोलतोय आणि ऐकू येतंय सदाशिव पेठेतल्या उच्चारात, मग ते अळणी लागतं. शंकर पाटलांच्या तोंडून त्यांची कथा ज्यांनी ऐकलीय त्यांना मी काय म्हणते ते लगेच समजेल, तेच वाक्य कागदावर वाचताना हसू येतं आणि त्यांच्या हेलात ऐकताना खुर्चीतनं पडायला होतं. म्हणूनच गावागावातनं वाचणारे तयार व्हायला हवेत, वऱ्हाडी माणसाने वऱ्हाडी वाचावं, मालवणी माणसाने मालवणी. खानदेशातल्या बाईच्या आवाजात बहिणाबाई ऐका एकदा, छापलेल्या पानावर ज्या ओळींना आपण अडखळतो त्या सरळ गळ्यातनं उतरतात.

आणि आता मशीनचा आवाज आलाय. बातमी, सरकारी नोटीस, अभ्यासाचा मजकूर यासाठी तो चांगलाच उपयोगी आहे, डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी तर मोठाच आधार, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण मराठीत च आणि ज दोन-दोन तऱ्हेने उच्चारले जातात आणि लिहिताना फरक दाखवत नाहीत, हे घरात वाढलेल्या पोरालाही न शिकवता येतं, मशीन मात्र मधूनच चमच्यातला च चहातल्या च सारखा म्हणते आणि गोष्टीतनं आपण खाडकन बाहेर. हे सुधारेलही पुढेमागे. स्वस्त पडतं म्हणून प्रकाशकांनी सगळं मशीनकडून वाचून घेतलं तर मात्र जे थोडे चांगले वाचक तयार झालेत ते दुसरा धंदा बघतील.

तर वाचनालय. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. सरकारी अनुदान घेणारी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत, अ ब क ड असे वर्ग, किती ग्रंथ, किती सभासद, किती नियतकालिकं यावरून वर्ग ठरतो आणि वर्गावरून अनुदान. इतकं मोठं जाळं फार थोड्या राज्यांत असेल. आणि या जाळ्यात ऐकायचं पुस्तक जवळजवळ कुठेच नाही. आमच्या गावच्या वाचनालयात, ते शंभरी पार केलेलं आहे, एका काचेच्या कपाटात कथाकथनाच्या जुन्या कॅसेट आणि सीडी मांडून ठेवल्यात. लेबलं शाईने लिहिलेली, सुंदर अक्षर. कपाटाला कुलूप. घरी देता का म्हणून विचारलं तर ग्रंथपाल म्हणाल्या, "नाही हो, त्या देत नाही, कॉपीराइटचं असतं ना काहीतरी."

तर तसं काही नसतं, आणि हे प्रत्येक ग्रंथपालाला माहीत असायला हवं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की नफ्यासाठी न चालणाऱ्या ग्रंथालयाने रीतसर मिळवलेली ध्वनिमुद्रणाची प्रत बिननफ्याने वापरायला दिली तर ते व्यापारी भाड्याने देणं ठरत नाही. म्हणजे ती सीडी पुस्तकासारखीच घरी देता येते. त्याच दुरुस्तीने दृष्टिहीन आणि इतर अपंग वाचकांसाठी कुठल्याही पुस्तकाची ऐकता येईल अशी आवृत्ती बिननफ्याने करायला परवानगी दिली, आणि २०१३ मध्ये याच विषयावर माराकेशला जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. कायदा चांगला आहे. मुळात बोलतं पुस्तक आलंच दृष्टिहीनांमुळे. एडिसनने फोनोग्राफ काढला तेव्हा त्याच्या उपयोगांच्या यादीत अंधांसाठी पुस्तकं होती, आणि ब्रिटनमध्ये १९३५ साली पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना डोळ्यासमोर ठेवून बोलती पुस्तकं सुरू झाली, एका तबकडीच्या एका बाजूला पंचवीसेक मिनिटं, कादंबरी म्हणजे तबकड्यांचं एक खोकंच.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की आता सीडी निघतच नाही. ॲपवर तुम्ही पुस्तकाची प्रत विकत घेत नाही, वर्गणी चालू असेपर्यंत ऐकायची मुभा घेता. वाचनालयाच्या हातात प्रतच येत नाही तर ते देणार काय? कायद्यातली ती सवलत वस्तू हातात असेल तर उपयोगाची, आणि वस्तूच गायब झाली. शिवाय ॲपला काय, उद्या करार संपला की पुस्तक यादीतनं उडालं. वाचनालयाच्या कपाटातलं पुस्तक असं रात्रीतनं उडत नाही, फार तर वाळवी लागते.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांना विचारा, ते गावच्या लायब्ररीच्या कार्डावर लिबी नावाच्या ॲपमधून ऑडिओबुकं फुकट ऐकतात. सहसा एक प्रत एका वेळी एकालाच, बाकीच्यांनी नंबर लावायचा, अगदी कागदी पुस्तकासारखं. तिथेही सगळं गोड नाही, प्रकाशक लायब्ररीकडून साध्या गिऱ्हाइकापेक्षा कितीतरी जास्त पैसे घेतात आणि त्यावरून भांडणं चालू असतात. पण भांडायला तिथे लायब्ररी टेबलावर बसलेली तरी आहे. आपल्याकडे ग्रंथालय संचालनालयाने मराठी प्रकाशकांशी आणि ॲपवाल्यांशी बसून अशी काही योजना ठरवावी, लेखकाला आणि वाचणाऱ्याला दर ऐकण्यामागे पैसे मिळतील अशी. अनुदानाच्या निकषात जसे ग्रंथ मोजले जातात तशी ऐकायची पुस्तकंही मोजावीत, नाहीतर कुठलीही कमिटी त्यावर रुपया खर्च करणार नाही, आणि त्यांचंही बरोबरच आहे. आकाशवाणीच्या केंद्रांवर दशकानुदशकं जमलेलं कथावाचन आणि श्रुतिका आहेत, आपल्याच पैशातनं झालेलं काम आहे ते, त्यातलं जेवढं हक्कांच्या दृष्टीने मोकळं करता येईल तेवढं वाचनालयांना मिळावं. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न येणारच, आत्ता ग्रंथपालांना मिळणारा पगार बघितला तर तो प्रश्न विचारायलाही लाज वाटते, पण म्हणून मागणीच करायची नाही असं थोडंच आहे.

आणि सरकार हलेपर्यंत थांबायची गरज नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन मोकळं होतं. हरी नारायण आपटे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी हे सगळे केव्हाच मोकळे झालेत, आणि चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले म्हणजे २०२४ पासून तेही. (नवीन आवृत्तीतल्या प्रस्तावना आणि टिपा वाचू नका, त्या दुसऱ्या कुणाच्या असतात.) लक्ष्मीबाईंचं गद्य तर असं आहे की बाई समोर बसून बोलतायत, ते डोळ्यांनी वाचणं हाच खरा अन्याय. लिब्रिव्हॉक्स म्हणून एक उपक्रम २००५ पासून चालू आहे, जगभरचे हौशी लोक मोकळी झालेली पुस्तकं घरी बसून वाचतात आणि सगळ्यांसाठी फुकट ठेवतात. तसं एकेका तालुक्याच्या वाचनालयाला करता येणार नाही का? दुपारी बारा ते चार हॉल रिकामाच असतो. पंखा बंद करायचा, खिडकीला जाड गोधडी, एक बरा माइक, आणि गावातली निवृत्त शिक्षिका, कीर्तनकार, नाटकात काम केलेला एखादा पोस्टमन, असे वाचणारे शोधायचे. प्रत्येक गावात असतात असे लोक, गणपतीत निवेदन करायला आपण त्यांनाच धरून आणतो. पहिल्या वर्षी चार पुस्तकं झाली तरी पुष्कळ. फक्त एक करा, त्यांना तासाप्रमाणे मानधन द्या, वाटल्यास सभासदांकडून जादा वर्गणी काढा. शाल आणि नारळ देऊन वाटेला लावू नका.